उपटलेली निशाणी

"डोकं खाली! पाय मारा! वाऱ्याशी भांडू नका, वारा ऐकायचा नाही!" पुढून परब मास्तर ओरडले.

"मास्तर, मी पाय मारतोच आहे! सायकलच मागे चाललीय!" सगळ्यांत मागून गुरुदास ओरडला.

त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पहाटेपासून समुद्राकडून असा काही वारा सुटला होता की सुरूची झाडं एका अंगाला वाकून उभी होती, आणि रस्त्यावरची वाळू उडून थेट दातांत जात होती. वेंगुर्ल्याहून शिरोडा ते किती लांब! एरवी दोन तासांची वाट. आज तीन तास झाले, तरी निम्मी उरलीच होती.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली ही सायकल सफर. कट्टा ते शिरोडा आणि परत, पाच दिवसांची. निघताना सहा जण होते. पण वेंगुर्ल्याच्या मुक्कामात दोघांनी करंज्यांवर असा हात मारला की तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एस.टी.त बसवून घरी धाडावं लागलं. उरले चौघे: ड्रिल शिकवणारे परब मास्तर, त्यांची मुलगी विमला, धामापूरचा गुरुदास आणि सत्यवान.

सत्यवान कट्ट्याच्या बाजारातल्या दुकानदाराचा मुलगा. वय वर्षं तेरा, हुद्दा कॅप्टन! त्याच्या नव्या सायकलीला पुढे वेताची काठी बांधलेली होती, आणि काठीला निळा झेंडा. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं 'सायकल सफर' असं भरलेलं. शिरोड्याच्या वेशीवर गावकरी हार घेऊन उभे राहणार आहेत, असं मास्तरांनी सांगितल्यापासून सत्यवान तो झेंडा दर मैलाला सारखा करत होता.

मास्तरांचा एक नियम होता. सफरीत पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचं. जो मालवणीत बोलेल, त्यानं मास्तरांची वळकटी उचलायची. तीन दिवस ती वळकटी गुरुदासच्याच सायकलीवर होती.

आणि त्याच सायकलीनं दगा दिला. खाडीच्या तोंडाजवळ दांडवाडी म्हणून मच्छीमारांची दहा-बारा घरांची वस्ती आहे, तिथं वाळूतून जाताना कटकट असा आवाज झाला आणि गुरुदासचं मागचं चाक फिरेनासंच झालं. त्याच क्षणी एक झोत आला आणि सत्यवानाची वेताची काठी मधोमध मोडली!

"माझा झेंडा!" सत्यवान ओरडला.

"माझं चाक!" गुरुदास म्हणाला.

"चाक आधी," मास्तर म्हणाले. "जवळच्या गावात लोहाराकडे नेल्याशिवाय हे दुरुस्त व्हायचं नाही."

पण जड सायकल वाळूतून रस्त्यापर्यंत नेणार कोण? तेवढ्यात एका झोपडीतून एक उंच, एका पायानं लंगडणारा माणूस आला. कुणी काही विचारायच्या आत त्यानं सायकल खांद्यावर घेतली.

"ऱ्हवा मास्तर, मी घेतंय. तुमचे पाय रेवेत रुततले. रस्त्यार बैलगाडी गावता काय बघूया."

त्याचं नाव गंगाराम. सायकल घेऊन तो आणि मास्तर निघाले. जाता जाता मास्तरांनी बजावलं, "मी येईपर्यंत वाडीतून हलायचं नाही. सत्यवान, तू कॅप्टन आहेस. तुझ्यावर सोपवून जातोय."

कॅप्टननं छाती काढून मान डोलावली. पण त्याचं सगळं लक्ष मोडलेल्या काठीकडे होतं.

विमला आणि गुरुदास एका माडाच्या आडोशाला बसून चिवडा खाऊ लागले. सत्यवान काठी शोधायला एकटाच किनाऱ्यावर गेला. उंचवट्यावर त्याला हवी होती तशीच काठी उभी दिसली. लांब, सरळ, चिव्याच्या बारीक बांबूची! टोकाला काळं फडकं बांधलेलं, बुंध्याशी तीन चिरे. आजूबाजूला माणूस नव्हतं की घर नव्हतं. कुणीतरी मुद्दाम रोवली आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सत्यवानालाही कळलं. पण त्याला हार दिसत होते, वेस दिसत होती आणि झेंड्याशिवाय शिरोड्यात शिरणारा आपला केविलवाणा चेहरा दिसत होता. त्यानं चिरे बाजूला लाथाडले, दोन्ही हातांनी काठी हिसडली. ती हातभर खोल होती. सुटली ती एकदम, आणि तो मागच्या मर्यादवेलीच्या जाळीत उताणा पडला. फडकं सोडून टाकताच वाऱ्यानं ते कुठल्या कुठे नेलं.

"कुठून आणलीस रे?" परत आल्यावर विमलानं विचारलं.

"वाटेवर पडली होती," सत्यवान म्हणाला आणि काठी सायकलीला बांधून त्यानं तिच्यावर झेंडा चढवला.

*

साधारण दोन तासांनी किनाऱ्यावर गलका उठला.

तिघे धावत गेले. वाडीतल्या बायका उंचवट्याजवळ जमल्या होत्या. गंगाराम नुकताच रस्त्यावरून परतला होता आणि खुळ्यासारखा वाळूकडे बघत उभा होता. एक म्हातारी बाई कपाळावर हात धरून समुद्राकडे पाहत होती. दूर फेसाळ लाटांपलीकडे दोन होड्या वर-खाली होत होत्या.

"काठी खंय गेली? गंगाराम, राखण तुझी ना रे! काठी खंय आसा?" ती म्हातारी ओरडली. ती नर्मदाकाकी, होडीचा म्होरक्या असलेल्या भिकाजी तांडेलाची बायको.

"मी वायच रस्त्यार गेल्लंय गो..." गंगाराम एवढंच म्हणाला.

"कसली काठी, काकी?" विमलानं विचारलं.

"अगो चेडवा, ती निशाणी होती! खाडीच्या तोंडार पाण्याखाली रेवेचो दांडो आसा. होडी आत घेवची वाट एकच, आणि तीय अरुंद. भायरून ती काठी आणि तो वाकडो माड एका रेघेत इले काय तांडेल होडी आत घालता. वायच हय-थय झाला, तर होडी दांड्यार चढता आणि लाट तिका उलटी करता!"

"मग दुसरी काठी लावा ना!" गुरुदास म्हणाला.

"खंय लावू? पावसात दांडो सरकता. परवाच आमच्या घोवान वल्ह्यान पाणी मोजून जागा बदलल्यान. नेमकी जागा तेकाच म्हायत. आणि तो त्या होडयेर आसा!"

आत्ता सांगावं, असं सत्यवानाला वाटलं. तोंडही उघडलं त्यानं! पण सगळ्या बायका संतापलेल्या, विमला शेजारी उभी, आणि 'वाटेवर पडली होती' हे शब्द अजून ताजे. तो मागच्या मागे सटकला. सायकलीची काठी सोडली, झेंडा खिशात कोंबला आणि काठी झावळांच्या राशीखाली सरकवली.

एवढ्यावर तो थांबला असता तरी एक वेळ बरं झालं असतं. पण परत आला तेव्हा बायका गंगारामला बोलत होत्या, आणि गुरुदास विचारत होता, "पण एवढी मोठी काठी नेली कुणी असेल?" सत्यवानाला भीती वाटली की आता सगळे आपल्याकडे बघतील. म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "हे राखणदार ना? मग ह्यांनीच काढली असेल! घरात चुलीला जळण नसेल!"

एकदम सगळ्या बायका गप्प झाल्या. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. गंगारामनं सत्यवानाकडे पाहिलं आणि तो पुन्हा समुद्राकडे वळला. सत्यवानाला वाटलं, सुटलो.

पण विमला परब ही काही साधी मुलगी नव्हती.

"गुरुदास, चल," ती म्हणाली. "घरोघर चुली बघू. काठी जाळली असेल तर राख सापडेल."

दोघांनी चुली पाहिल्या. राख होती ती नारळाच्या सोडणांची आणि झावळांची. गंगारामच्या झोपडीत तर सकाळपासून चूलच पेटलेली नव्हती. सोडणं मात्र छपरापर्यंत रचलेली.

"जळणाला तोटा नाही. मग काठी कशाला जाळतील?" गुरुदास म्हणाला.

परतताना विमला सत्यवानाच्या सायकलीपाशी थबकली. सायकल होती, पण झेंडा नव्हता, काठीही नव्हती. तिनं आजूबाजूला पाहिलं. झावळांच्या राशीतून चिव्याचं एक टोक वीतभर बाहेर आलं होतं! तिनं काठी ओढून काढली. खालचा हातभर भाग ओल्या वाळूनं माखलेला होता. वरच्या टोकाला काळ्या कापडाचे दोन धागे अडकले होते.

सत्यवान मागे येऊन उभा राहिला होता.

"वाटेवर पडली होती, होय रे?" विमला हळूच म्हणाली. "तू सांगतोस की मी सांगू?"

गुरुदास आधी काठीकडे आणि मग सत्यवानाकडे बघत राहिला. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर सत्यवानाला सोपं गेलं असतं.

एवढ्यात किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला. "इले! होडये वळले!"

तिघांनी पाहिलं. गंगाराम एक वेगळीच काठी घेऊन उंचवट्यावर चालला होता. "माका वाटता हय होती," तो म्हणत होता. "नाय रे, वायच दक्षिणेक!" एक बाई ओरडत होती. वाळू इतकी उडाली होती की पाऊल नव्हतं, खड्डा नव्हता, सगळं पुसून गुळगुळीत झालेलं! आणि गंगाराम काठी रोवत होता ती खऱ्या जागेपासून चांगली वीस पावलं दूर.

सत्यवानाला ते दिसलं. चुकीची काठी बघून भिकाजी तांडेल होडी आत घालणार. सरळ दांड्यावर!

त्यानं विमलाच्या हातातली काठी हिसकली आणि तो धावत सुटला.

"थय नको! थय नको!" तो ओरडला. मास्तरांचा नियम कुठल्या कुठे गेला. "काका, ती काढा! माका जागा म्हायत आसा!"

गंगारामनं त्याच्या हातातली काठी पाहिली. मग आपली काठी उपटून फेकून दिली आणि म्हणाला, "दाखव."

सत्यवान मर्यादवेलीच्या जाळीपाशी गेला. काठी सुटल्यावर तो ह्याच जाळीत पडला होता. म्हणजे इथून तीन-चार पावलं पुढे. पण तीन की चार? डावीकडे की उजवीकडे? "इथंच... इथंच कुठेतरी..." त्याचा आवाज रडवेला झाला.

"थांब!" गुरुदास पुढे झाला. शेतकऱ्याचा मुलगा तो, कुंपणाचे खुंट त्यानं कितीदा उपटले आणि रोवले होते. "खाली वाळू ओली आणि घट्ट आहे. भोकात मात्र वाऱ्यानं कोरडी भुसभुशीत वाळू भरली असणार. काठी जिथं जोर न लावता हातभर आत जाईल, तीच जागा!"

सगळे भराभर वाळू टोचू लागले. बायकांनी लाकडं घेतली, विमलानं हवा भरायचा पंपच घेतला. इथं अडतंय, तिथं अडतंय... होड्या आता इतक्या जवळ आल्या होत्या की माणसं मोजता येत होती. सत्यवान गुडघ्यांवर बसून काठीचं टोक वितीवितीनं सरकवत होता. आणि अचानक काठी सुळकन आत गेली, थेट हातभर!

"गावली!" नर्मदाकाकी ओरडली. तिनं घरातून काळं घोंगडं आणवलं आणि टोकाला बांधलं.

पण घोंगड्यात वारा भरला आणि काठी थरथरू लागली. चिरे घालायला वेळ नव्हता. सत्यवानानं ती दोन्ही हातांनी कवटाळली. तरी ती त्याला घेऊन वाकायला लागली. तेवढ्यात वरून दोन मोठे हात आले आणि त्यांनी काठी सरळ केली. गंगारामचे हात.

दोघे समोरासमोर, मध्ये काठी. वाळू तोंडावर सपासप लागत होती.

"तुका जागा कशी म्हायत?" गंगारामनं विचारलं.

आता खोटं बोलायला शब्दच उरले नव्हते. "मीच काढलंय, काका. झेंड्यासाठी."

गंगारामनं डोळे मिटले, उघडले. "घट धर," तो म्हणाला. "हलवू नको."

पहिली होडी लाटेवर चढली, सरळ रेषेत आली आणि खाडीत शिरली. दुसरी अर्धी पाण्यानं भरली होती, तिचं एक वल्हं गेलं होतं. ती थोडी वाकडी झाली तेव्हा किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास रोखला. मग लाटेनं तिला उचललं आणि दांड्याच्या कडेनं आत ढकलून दिलं!

*

भिकाजी तांडेल उतरला तो निथळतच.

"भायर आमी कितके घिरटे घातले! निशाणी दिसाना. आता अंदाजान घालूया म्हटला, तेवढ्यात काळा कायतरी दिसला. कोणी धरल्यान ता?"

"ह्या झिलान," नर्मदाकाकी म्हणाली. "कट्ट्यासून इल्लो सायकलवालो."

"शाबास रे झिला!" भिकाजीनं सत्यवानाच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आणि त्याच वेळी दुरुस्त केलेली सायकल ढकलत परब मास्तर आले. त्यांना दोन बायकांनी एकदम सगळी हकिकत सांगितली, म्हणजे बायकांना ठाऊक होती तेवढी: पोरानं हरवलेली काठी शोधून आणली आणि जागाही दाखवली.

"शाबास, सत्यवान!" मास्तर म्हणाले. "शिरोड्याच्या सभेत मी ही गोष्ट सांगणार! अरे, माझ्या शाळेचं नाव काढलंस तू!"

सत्यवानानं विमलाकडे पाहिलं. ती गप्प. गुरुदास गप्प. गंगारामकडे पाहिलं. तोही गप्प, दोरी गुंडाळत होता. कुणीच सांगणार नव्हतं! हातातला गूळ विरघळून चिकट झाला होता. इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती. एक-एक शाबासकी कानाखाली बसल्यासारखी लागत होती.

तो गंगारामजवळ गेला. "काका, माका माफ करा."

गंगारामनं मान वर केली. "माका कित्याक सांगतंस? माका म्हायत आसा. ज्यांच्यासमोर माझा नाव घेतलंस, त्यांका सांग."

सत्यवान उंचवट्यावर उभा राहिला. "काठी मीच काढलंय," तो म्हणाला. शब्द ओठांतून निघाले आणि वाऱ्यानं नेले.

"काय म्हणता तो?" एक बाई म्हणाली. "आयकाक येना नाय! मोठ्यान बोल रे!"

तो पुन्हा म्हणाला. वारा पुन्हा घोंघावला.

"अरे मोठ्यान! मोठ्यान बोल!"

आपला गुन्हा पुटपुटून उरकावा म्हटलं, तर वारा तेवढीही सवलत देईना! सत्यवानानं छाती भरून श्वास घेतला आणि तो ओरडला, घसा फाटेपर्यंत ओरडला. "काठी मीच उपटलंय! माझ्या झेंड्यासाठी! मगे झावळांखाली लपवलंय! आणि आळ गंगारामकाकांवर घातलंय!"

आता मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

मास्तरांचा चेहरा पडला. भिकाजी तांडेल ताडताड चालत आला, त्याचा हात वर गेला. सत्यवानानं तोंड चुकवलं नाही. मास्तरही मध्ये पडले नाहीत. पण तो हात तसाच खाली आला.

"दोन होडये," भिकाजी म्हणाला. "नऊ माणसां. काठी काढलंस तेवा तुका आमी कोण ता म्हायत नाय होता. आता एकेकाक नाव इचार. जा."

सत्यवान गेला. धोतर पिळणाऱ्या माणसासमोर उभा राहिला. "तुमचा नाव काय?"

"गणपत. माका तीन चेडवां आसत, धाकटा पाळण्यात आसा."

दुसऱ्याला खारं पाणी लागून ठसका येत होता. "बाबली," तो कसाबसा म्हणाला. तिसऱ्यानं नाव सांगितलं आणि तोंड फिरवलं. दोघे हसले, एकानं डोळे वटारले, शंकर नावाच्या म्हाताऱ्यानं नाव सांगून त्याच्याही वडिलांचं नाव विचारलं. प्रत्येक नावाला सत्यवानाची मान आणखी खाली जात होती. भिकाजी धरून आठ झाले.

नववा विशीतला तरुण होता. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो दुसऱ्या होडीतलं पाणी उपसत होता. किनाऱ्यावर काय बोलणं झालं, ते त्याच्या कानांवर गेलं नव्हतं.

"तुमचा नाव काय?"

"बाळा," तो हसून म्हणाला. "त्या गंगारामाचो झील."

सत्यवान पाण्याच्या कडेला खिळून राहिला. म्हणजे त्या होडीत गंगारामकाकांचा मुलगा होता! म्हणून बायका गप्प झाल्या होत्या. आणि राखण सोडून काका रस्त्यावर गेले ते कशासाठी? आमची सायकल पोचवायला! अशा माणसाला आपण चारचौघांत म्हटलं की ह्यांनीच काठी जाळली असेल. आणि एवढं ऐकून त्या माणसानं आपल्याबरोबर काठी धरली.

इतका वेळ आवरलेलं रडू आता आवरेना. तो तिथंच, ओल्या वाळूवर, हमसाहमशी रडू लागला.

गंगाराम लंगडत आला. जरा वेळ त्यानं त्याला रडू दिलं.

"माझो झील इलो," मग तो म्हणाला. "तुझो बापूसय कट्ट्यात तुझी वाट बघत असतलो. काठी काय रे, कोणीय धरता. पण ह्या वाऱ्यात उभो ऱ्हवान तू जा ओरडलंस ना, ता कठीण होता. ता बरा केलंस."

भिकाजीनंही मान डोलावली. मास्तर जवळ आले, त्यांनी सत्यवानाच्या डोक्यावर हात ठेवला आणि शिरोड्याच्या सभेचं नाव पुन्हा काढलं नाही. विमला आणि गुरुदासची मात्र नर्मदाकाकीनं कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली. "चेडू हुशार हा! आणि ह्यो झील तर आमच्या वाडीत जन्माक येवक होयो होतो!" गुरुदास लाजून लालबुंद झाला.

"चला चला! होडी वर घेवची आसा, वारो थांबाचो नाय!" भिकाजी ओरडला.

सगळे दोरीकडे धावले. सत्यवान मागेच राहिला होता. बाळानं त्याला पाहिलं, काय झालंय ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं. "अरे, बघतंस काय? ये हय!" म्हणत त्यानं सरकून आपल्या मागे दोरीवर जागा केली. सत्यवानानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, दोरी धरली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून तो ओढू लागला.